आमच्याकडे काय आहे चोरायला?

२६ जुलै २००८, शनिवार. अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक लांबलचक ई-मेल आला. पाठवणारी संघटना इंडियन मुजाहिदीन. त्या संध्याकाळच्या स्फोटांत ५६ माणसं मेली. तो ई-मेल ज्या इंटरनेट जोडणीवरून निघाला होता तिचा आयपी पत्ता तपास यंत्रणांनी काढला, सेवा देणाऱ्या कंपनीच्या नोंदींशी ताडून पाहिला आणि पोलीस पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या दारात. तिथे एक अमेरिकी नागरिक राहत होता. कटाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याच्या घरातलं वायफाय मात्र उघडं होतं, आणि कुणीतरी जवळपास थांबून तेवढंच वापरून निघून गेलं होतं. त्या माणसाचे संगणक ताब्यात घेतले गेले, जबाबांवर जबाब झाले, नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं.

पुढच्या दोन महिन्यांत हेच आणखी दोनदा घडलं. २३ ऑगस्टचा ई-मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या वायफायवरून गेला. १३ सप्टेंबरला, दिल्लीतल्या स्फोटांच्या दिवशी, चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय वापरलं गेलं. ऑक्टोबरात मुंबई गुन्हे शाखेने ज्यांना पकडलं त्यांत पुण्यात नोकरी करणारा एक संगणक अभियंताही होता. त्यानंतर धावपळ झाली. मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधत फिरण्याची मोहीम जाहीर केली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना काढल्या.

या तिन्ही ठिकाणांहून पैसा गेला नाही, फोटो गेले नाहीत, एक फाइलसुद्धा हलली नाही. वापरला गेला तो फक्त पत्ता. हे इतक्या विस्ताराने सांगायचं कारण असं की घरच्या संगणकाच्या सुरक्षेचा विषय काढला की हटकून एक वाक्य ऐकू येतं: ‘आमच्याकडे काय आहे चोरायला?’

झाशीला माझ्या आत्याकडे मी हेच वाक्य ऐकलं. संस्थानिक नेवाळकरांच्या काळापासून झाशीत मराठी घरं आहेत. त्यांतल्याच एका जुन्या घरात आत्या सून होऊन गेली. घरात बोली मराठी; तिच्यात हिंदी क्रियापदं कधी घुसली ते त्यांनाही सांगता येत नाही. काका, म्हणजे आत्याचे यजमान, रेल्वेतून निवृत्त. माणिक चौकाच्या मागे गल्लीत दुमजली घर, वर भाडेकरू, जिन्याखाली फायबरचा डबा, दारात आणि गच्चीवर कॅमेरे, एक स्मार्ट टीव्ही, आतेभावाचा लॅपटॉप आणि काकांचा जुना डेस्कटॉप. ‘अरे, पेन्शन बँकेत, दागिने लॉकरमध्ये. इथे झाशीत कोण बसलंय आम्हाला हॅक करायला?’ काका म्हणाले.

कोणी बसलेलं नाही, हे काकांचं बरोबर आहे. अडचण अशी की बसावंच लागत नाही. इंटरनेटच्या जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीत एकूण पत्ते आहेत सुमारे ४३० कोटी. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. एक साधा संगणक आणि चांगली जोडणी असेल तर हा प्रोग्राम जगातला जवळजवळ प्रत्येक पत्ता पाऊण तासाच्या आत ठोठावून बघतो: दार आहे का, उघडं आहे का. त्याआधीच, २००९ मध्ये, शोडान हे शोधयंत्र सुरू झालं होतं. गूगल वेबपानं शोधतं, शोडान यंत्रं शोधतं. कॅमेरे, राउटर, प्रिंटर, कारखान्यांतले पंप, जे जे इंटरनेटला उघडं जोडलेलं आहे ते. या शोधणाऱ्या प्रोग्रामांना झाशी, जर्मनी असा भेद कळत नाही. निवड माणसाने करायचीच नाही म्हटल्यावर ‘आम्हालाच का’ या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

आणि मिळालेल्या उघड्या दाराचं करायचं काय, याचं उत्तर २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने दिलं. मिराई इंटरनेटभर घरगुती कॅमेरे आणि राउटर शोधत फिरे. सापडलं की त्यावर कारखान्यातून येणारी नावं आणि पासवर्ड एकामागून एक लावून बघे. त्याच्याजवळची यादी जेमतेम साठेक जोड्यांची होती: ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’, ‘रूट-१२३४५’ असल्या. तेवढ्या भांडवलावर त्याने ऐन भरात सहा लाखांच्या आसपास यंत्रं आपल्या तैनातीत घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ ला मिराईच्या अशाच एका फौजेने, वेबसाइटांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर एकाच वेळी मागण्यांचा मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अमेरिकेच्या मोठ्या भागात तासन्‌तास बंद पडले. मिराई लिहिणारी तिघं विशी-बाविशीतली पोरं होती. माइनक्राफ्ट या खेळाचे सर्व्हर चालवणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना आडवं करावं, एवढ्यासाठी त्यांनी हे शस्त्र घडवलं. ज्यांच्या भिंतीवर ते कॅमेरे होते त्यांना कळलंही नाही. फार तर त्या दिवशी नेट जरा मंद वाटलं असेल.

मिराईची एक गंमत सांगायला हवी. तो यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतो, त्यामुळे कॅमेरा बंद करून चालू केला की पुसला जातो. पण पासवर्ड तोच ठेवला तर काही मिनिटांत पुन्हा लागण होते. ‘बंद करून चालू करा’ हा आपला राष्ट्रीय उपाय इथे अर्धाच लागू पडतो.

तर झाशीच्या त्या जिन्याखालच्या डब्याकडे जाऊ. डब्याच्या पोटाशी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर वायफायचं नाव, वायफायचा पासवर्ड, राउटरच्या पानाचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, आणि त्या पानात शिरायचं नाव व पासवर्ड. हे दोन पासवर्ड वेगळे आहेत, ही गोष्ट बहुतेक घरांत माहीतच नसते. पहिला वायफायला जोडून घेण्याचा. दुसरा खुद्द डब्याच्या कारभाराचा. दुसरा ज्याच्या हाती, त्याला पहिला बदलता येतो, कोण जोडलंय ते दिसतं आणि तुम्ही बँकेचं नाव टाइप केल्यावर कुठल्या यंत्राला पत्ता विचारायचा तेही ठरवता येतं. म्हणून दुसरा जास्त महत्त्वाचा. आणि तोच कुणी बदलत नाही.

आत्याकडे पहिला पासवर्ड बदललेला होता. लाइन टाकायला आलेल्या मुलाने विचारलं होतं, ‘अंकल, पासवर्ड क्या रखें?’ आणि काकांनी काही सुचवायच्या आत स्वतःच त्यांचा मोबाइल नंबर टाकून दिला होता. ही पद्धत नाशिकपासून झाशीपर्यंत सगळीकडे आहे. लक्षात राहायला सोपा, सांगायला सोपा. दहा आकडे म्हणजे भक्कम वाटतो.

आता हिशेब करू. भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. पुढचे नऊ आकडे काहीही. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. माणसाने एकेक टाइप करायचं म्हटलं तर जन्म पुरायचा नाही. पण हल्ला तसा होत नाही. तुमचा फोन वायफायला जोडतो तेव्हा फोन आणि राउटर यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. पासवर्ड उघडा पाठवला जात नाही, पण तो दोघांनाही माहीत आहे याचा गणिती पुरावा त्या निरोपांत असतो. हे निरोप हवेतून जातात. गल्लीत थांबून कुणीही ते टिपून घेऊ शकतं. टिपणारा मग घरी जातो आणि आपल्या संगणकावर निवांत एकेक पासवर्ड लावून तो पुरावा जुळतो का बघतो. तुमच्या राउटरला याचा पत्ताही लागत नाही. ही पडताळणी मुद्दाम संथ केलेली आहे. प्रत्येक पासवर्डावर तेच गणित ४,०९६ वेळा फिरवावं लागतं. तरीसुद्धा गेम खेळण्यासाठी घेतलेलं आजचं अव्वल ग्राफिक कार्ड सेकंदाला वीस-पंचवीस लाख पासवर्ड तपासतं. ४०० कोटींना त्याने भागून बघा. अर्धा तास.

शिवाय काकांचा नंबर नातीच्या लग्नपत्रिकेवर छापलेला आहे, ते वेगळंच.

याउलट असं करा. घरातला जाडजूड शब्दकोश घ्या, डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा. असे चार शब्द काढा आणि रोमन लिपीत सलग लिहा. ‘कोयतापरवडजिनाहळवा’ असलं काहीतरी निघेल. दहा हजार शब्दांतून चार शब्द असे काढले तर शक्यता होतात एकावर सोळा शून्यं, आणि तेच ग्राफिक कार्ड सगळ्या तपासायला सव्वाशे वर्षं घेईल. अट एकच: शब्द बोटाने निवडायचे, डोक्याने नाही. डोक्याने निवडले की ‘जयभवानी’, ‘साईराम’, नातवाचं नाव आणि पुढे १२३ येतं, आणि ते सगळं हल्लेखोरांच्या याद्यांत आधीच असतं. पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवंच आणि तो दर तीन महिन्यांनी बदलाच, हा जुना आग्रह अमेरिकेच्या मानक संस्थेने, निस्टने, २०१७ मध्ये स्वतःच मागे घेतला. लांबी महत्त्वाची, असं ती आता सांगते. आपल्याकडच्या बँकांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या वेबसाइटांपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे.

राउटरच्या पानात शिरलात की सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए-३ दिसतं का बघा. नसेल तर डब्ल्यूपीए-२. डब्ल्यूईपी नावाचा प्रकार अजून कुठे दिसला तर तो डबाच बदला. त्याचं कवच २००१ मध्ये संशोधकांनी फोडलं आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या चमूने तेच काम एका मिनिटाच्या आत करून दाखवलं.

डब्ल्यूपीएस बंद करा. हे ते बटण किंवा आठ आकडी पिन, जिच्यामुळे पासवर्ड न टाकता यंत्र जोडता येतं. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात. पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, आणि राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासून पहिला तुकडा बरोबर की चूक ते सांगून टाकतो. स्टेफान व्हीबोक या ऑस्ट्रियाच्या तरुणाने २०११ च्या डिसेंबरात हे जगापुढे मांडलं. दहा कोटींचे उरले अकरा हजार. इतकी सोयीस्कर खिडकी ठेवून पुढच्या दाराला चार शब्दांचं कुलूप लावण्यात काय अर्थ?

बाहेरून राउटरचा कारभार करू देणारी ‘रिमोट मॅनेजमेंट’ची सोय गरज नसेल तर बंद ठेवा. फर्मवेअरची, म्हणजे राउटरच्या आतल्या प्रोग्रामची, नवी आवृत्ती असेल तर घाला. इथे एक खरी अडचण येते. स्थानिक केबलवाल्याने दिलेल्या डब्यात बऱ्याचदा दोन खाती असतात, एक ग्राहकाचं आणि एक त्याचं, आणि त्याच्या खात्याचा पासवर्ड तो देत नाही. आत्याच्या केबलवाल्याने फोनवर ‘साहब, उसको मत छेड़िए’ एवढंच उत्तर दिलं. अशा वेळी उपाय सरळ आहे, थोडा खर्चाचा: त्याचा डबा नुसता फायबर उतरवून घेण्यापुरता ठेवा, त्याचं वायफाय बंद करायला सांगा आणि त्यामागे स्वतःचा राउटर लावा.

वायफायचं नाव लपवणं आणि ठरावीक यंत्रांचीच यादी करून बाकीच्यांना मनाई करणं हे दोन उपाय अजून हौसेने सांगितले जातात. दोन्हींत वेळ घालवू नका. लपवलेलं नाव कुठलंही वायफाय टिपणारं साधन दाखवतं, आणि यंत्राची ओळख बदलणं हे एका आज्ञेचं काम आहे. व्हीपीएनच्या जाहिरातींचंही तेच. व्हीपीएनला त्याचे उपयोग आहेत. जिन्याखालचा डबा भक्कम करणं हा त्यांपैकी नाही.

कॅमेरे आणि टीव्ही मात्र वेगळे काढा. बहुतेक राउटरांत ‘गेस्ट नेटवर्क’ असतं. पाहुण्यांना तेच द्या आणि कॅमेरे, टीव्ही, भाडेकरू यांनाही त्यावरच घाला. म्हणजे कॅमेरा कुणाच्या ताब्यात गेला तरी तिथून काकांच्या डेस्कटॉपपर्यंत वाट राहत नाही. कॅमेऱ्याचा कारखान्यातला पासवर्ड बसवण्याच्या दिवशीच बदला, बसवणारा शिडीवर असतानाच. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने ज्यांना अटक केली त्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. तपासणीच्या खोलीत कॅमेरा का होता हा प्रश्न वेगळा, आणि मला तो जास्त मोठा वाटतो. घरातही हाच नियम ठेवावा: इंटरनेटला जोडलेला कॅमेरा दाराबाहेर बघणारा असावा, आत बघणारा नको.

मध्येच एक दिलासा. आज भारतात पुष्कळ इंटरनेट कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, कारण ते ४३० कोटी पत्ते कधीच अपुरे पडले. त्यामुळे बाहेरून थेट तुमच्या डब्यापर्यंत पोचणं आपोआप अवघड झालं आहे. कुणी सुरक्षेचा विचार करून ही व्यवस्था केली नाही, टंचाईतून झाली. नव्या, सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांत टंचाई नाही, तिथे प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळू शकतो, आणि मग आडोसा उरतो तो राउटरमधल्या फायरवॉलचा. ती चालू आहे का एवढं बघून ठेवा. आणि आपलं एखादं यंत्र आधीच कुणाच्या फौजेत गेलं असावं अशी शंका असेल तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेलं सायबर स्वच्छता केंद्र आहे. साफसफाईचे प्रोग्राम तिथे फुकट मिळतात. त्यांत क्विक हीलचा प्रोग्रामही आहे. म्हणजे पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कैलास काटकरांनी धाकटे भाऊ संजय यांच्या साथीने उभी केलेली कंपनी. नव्वदच्या दशकात फ्लॉपीतून येणाऱ्या विषाणूंनी गिऱ्हाइकांची यंत्रं बंद पडू लागली आणि त्यांवर संजय यांनी लिहिलेल्या औषधातून हा धंदा निघाला.

आता काकांचा डेस्कटॉप. दुकानातून ‘विंडोज टाकून’ आणलेला. विंडोज टाकून आणणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे: परवाना विकत न घेता चोरटी प्रत, आणि ती खरी भासावी म्हणून वर एक ‘क्रॅक’. या क्रॅकसोबतच्या सूचना कधी वाचल्यात? पहिली ओळ बहुतेक ठिकाणी एकच असते: आधी अँटीव्हायरस बंद करा, मग ही फाइल चालवा. पहारेकऱ्याला आपण स्वतः झोपवतो आणि अनोळखी माणसाला घराचा सर्वाधिकार देतो. ती फाइल बऱ्याचदा सांगितलेलं काम करतेही. सोबत आणखी काय करते ते ती सांगत नाही. शिवाय अशा प्रतींचे अपडेट पुष्कळदा दुकानदाराने बंद करून ठेवलेले असतात.

अपडेटचं महत्त्व सांगायला १२ मे २०१७ हा दिवस पुरेसा आहे. त्या शुक्रवारी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेच्या आसपास देशांतले लाखो संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनमध्ये इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्चलाच, फुकट दिलेलं होतं. ज्यांनी घातलं ते वाचले. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट थांबली आहेत. नावनोंदणी केली तर घरगुती वापरकर्त्याला एक वर्षाची मुदतवाढ मिळते. विंडोज ११ साधारण २०१८ च्या आधीच्या यंत्रांवर रीतसर चढत नाही. काकांचं यंत्र त्याहून जुनं. ते टाकून द्यायचं नसेल तर त्यावर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली घालावी, असा माझा सल्ला. बातम्या वाचणं, मेल, रेल्वेचं तिकीट, यूट्यूबवर नाट्यसंगीत, यापलीकडे त्या यंत्राचा उपयोग नव्हताच. परवान्याचा प्रश्न सुटतो, क्रॅकचाही.

विंडोजवरच राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. रोजच्या वापराचं खातं ‘स्टँडर्ड’ ठेवा, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ वेगळं. मग कुठलाही प्रोग्राम आपणहून स्थापित व्हायला लागला की पासवर्ड मागितला जातो, आणि न मागवलेल्या गोष्टीने पासवर्ड मागितला की सावध होता येतं. दुसरं, विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे, तो बंद करू नका. आणि फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ती डिस्क उपसून कपाटात ठेवा. उपसून, कारण जोडलेली असेल तर खंडणीखोर प्रोग्राम तीही कुलूपबंद करतो.

एवढं सगळं केलं की तटबंदी झाली. आणि झाशीत तटबंदीची गोष्ट ओरछा दरवाज्यापाशी आल्याशिवाय संपत नाही. मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनानी ह्यू रोजच्या फौजेने शहराला वेढा घातला आणि ३ एप्रिलला इंग्रज आत शिरले. एका बाजूने तोफांनी पाडलेल्या भगदाडातून, दुसऱ्या बाजूने शिड्या लावून. लष्करी कागदपत्रं हे सांगतात. झाशीच्या लोकांना विचाराल तर ते दूल्हाजूचं नाव घेतील. ओरछा दरवाजा त्याने आतून उघडून दिला, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. इतिहासकारांना त्याला पुरावा सापडत नाही. घरच्या संगणकाबाबत मात्र दोन्ही हकिगती खऱ्या आहेत. भगदाडं आणि शिड्या वर सांगून झाल्या, आणि त्या आवरायला सोप्या आहेत. आतून उघडणारा हात कुणाचा असेल ते सांगता येत नाही, आणि तो हात फितूर नसतो; भाबडा असतो, घाबरलेला असतो किंवा नुसता घाईत असतो.

आत्याच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचं निमंत्रण आलं होतं, ओळखीच्या नंबरावरून. ‘शादी का कार्ड’ असं नाव आणि शेवटी ‘.एपीके’. निमंत्रणपत्रिका चित्र असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अ‍ॅप. ते चित्रासारखं उघडून बघता येत नाही, ते फोनवर स्थापित होतं. फोन त्या वेळी इशाराही देतो, की हे प्ले स्टोअरबाहेरून आलंय, परवानगी द्यायची का. आपण ‘हो’ म्हटलं की अ‍ॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं, आणि त्याला ‘हो’ म्हटलं की ओटीपी परस्पर दुसऱ्याच्या हाती पडतात. मग तोच फोन तुमच्या सगळ्या नातेवाइकांना तीच पत्रिका पाठवतो. म्हणूनच ती ओळखीच्या नंबरावरून येते. आत्याने ती उघडली नव्हती, कारण चष्मा वरच्या मजल्यावर राहिला होता. हाच प्रकार कधी वाहतूक चलानाच्या नावाने येतो, कधी पीएम किसानच्या, कधी गॅस कनेक्शन तुटणार म्हणून.

दुसरा प्रकार फोनवरून. बँकेतून किंवा वीज मंडळातून बोलतोय म्हणणारा माणूस एक अ‍ॅप घालायला सांगतो आणि तुमचा पडदा आपल्याकडे दाखवून घेतो. एनीडेस्कसारखी अ‍ॅप मुळात सज्जन आहेत, कचेऱ्यांत दुरुस्तीसाठी रोज वापरली जातात. म्हणून अँटीव्हायरस त्यांना अडवत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच याबाबत बँकांना सावध केलं होतं. इथे कुठलाही राउटर, कुठलाही चार शब्दांचा पासवर्ड कामाचा नाही. उपयोग होतो तो घरातल्या एका ठरावाचा: पैशांबद्दल किंवा पोलिसांबद्दल कुणाचाही फोन आला तर ठेवायचा आणि आतेभावाला लावायचा. काकांना हा ठराव अपमानास्पद वाटला. ‘मी काय लहान आहे?’ तेव्हा ठराव असा बदलला की आतेभावाला असा फोन आला तर त्यानेही काकांना विचारायचं. मग पटलं.

ई-मेलचं खातं सगळ्यांत आधी जपा, कारण बाकी प्रत्येक ठिकाणचा पासवर्ड त्याच्यावरूनच बदलता येतो. त्याला स्वतंत्र पासवर्ड आणि दुपदरी पडताळणी हवीच. ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा आकडा एसएमएसच्या ओटीपीपेक्षा बरा, कारण तो मोबाइल कंपनीच्या वाटेने येत नाही. बाकी पन्नास पासवर्ड लक्षात ठेवणं शक्य नसतं आणि सगळीकडे एकच वापरला तर एका दुकानाच्या वेबसाइटची गळती बँकेपर्यंत पोचते. पासवर्ड मॅनेजर वापरा. ते जमणार नसेल तर वहीत लिहून वही कपाटात ठेवा. वहीला तज्ज्ञ मंडळी पूर्वी नाकं मुरडत. पण व्हिएतनाममधला किंवा व्लादिवोस्तोकमधला हल्लेखोर माणिक चौकातलं कपाट उघडू शकत नाही.

आणि हे सगळं करूनही पैसे गेलेच, तर घड्याळ सुरू झालं असं समजा. आधी फोन विमान मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक लावा. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँक एवढं हाताशी ठेवा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवली जात असते आणि ती वाटेतच गोठवण्यासाठी हा क्रमांक बँकांशी जोडलेला आहे. त्यानंतर बँकेला कळवा, तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर लेखी तक्रार भरा. गूगलवर बँकेचा ‘कस्टमर केअर’ शोधू नका. तिथे वर दिसणारा नंबर बरेचदा त्याच टोळीतल्या कुणाचा तरी असतो. नंबर कार्डाच्या पाठीवर छापलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल तर ग्राहकावर काहीच बोजा पडत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.